हातोहातची पोथी आणि उघडें कीर्तन

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या कांठीं गेवराई तालुक्यांत पांचाळेश्वर हें महानुभावांचें आत्मतीर्थ आहे. आणि त्याच नदीनें वर गेलें कीं एकनाथांचें पैठण लागतें. एकाच ग्रंथावर, एकाच दैवतावर ज्यांचें प्रेम जडलें आहे अशा गांवोगांव विखुरलेल्या माणसांनीं आपला संबंध कसा राखावा, या प्रश्नास या दोन ठिकाणच्या समुदायांनीं दोन निराळीं उत्तरें दिलीं. एकानें ग्रंथ आपल्याच माणसांच्या हातीं दिला. दुसऱ्यानें तो येईल त्याच्या कानीं घातला.

श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत माणसें शोधून, विचारून गोळा केल्या, तेंच लीळाचरित्र. त्या वेळीं पंथाचे प्रमुख असलेल्या नागदेवाचार्यांचा कटाक्ष असा कीं, लेखन मराठींतच व्हावें. केशवराज सूरींसारख्या संस्कृतज्ञ शिष्यासही त्यांनीं आवरलें; कारण संस्कृतामुळें म्हाताऱ्या बायाबापड्या ग्रंथास मुकल्या असत्या. असा हा पंथ. आणि चौदाव्या शतकांत त्यानेंच आपल्या पोथ्या सकळ लिपींत लिहावयास आरंभ केला! एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर योजावयाचें, असा तिचा संकेत. त्याची किल्ली पंथाबाहेर जावयाची नाहीं. भाषा मराठीच, पण बाहेरच्या मराठी माणसास तींतील एक ओळ लागूं नये!

यास कारणही तसेंच होतें. यादवांचें राज्य बुडालें होतें. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडींत हरपली व शिष्यांनीं आठवून तें पुन्हां सिद्ध केलें, असें परंपरा सांगते. वेदप्रामाण्य न मानणाऱ्या या मंडळींकडे भोवतालचा समाजही संशयानें पाहत होता. अशा वेळीं आपलें धन पेटींत ठेवणाऱ्यास मी भित्रा म्हणणार नाहीं. शिवाय ही वाट कांहीं जवळची नव्हती. मठामठांतून पोथ्या पंजाबांत, थेट काबूलपर्यंत गेल्या. मोजक्या हातांतून फिरल्यामुळें जुन्या मराठी गद्याची बोली आपणांस पुष्कळ अंशीं टिकलेली सांपडते. पाठभेद तेथेंही आहेत, पण बोली जुनी आहे. तोटा एवढाच, आणि तो लहान नव्हे, कीं आंत काय लिहिलें आहे हें न कळल्यानें बाहेरच्यांनीं वाटेल त्या कल्पना केल्या.

वारकऱ्यांची रीत याच्या उलट. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, नेवासें येथें सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी कीर्तनांत, पारायणांत, वारीच्या वाटेवर सर्वांपुढें आली. कोणीही यावें, ऐकावें, उतरून घ्यावें. मीं शाळेंत अनेक वर्षें श्रुतलेखन घातलें आहे. एकच उतारा चाळीस पाट्यांवर चाळीस रूपें घेतो, आणि एखादा हुशार मुलगा तर मास्तरांचें वाक्य सुधारूनही ठेवतो! ज्ञानेश्वरीचें तेंच झालें. नकलाकारांच्या चुका शिरल्या, आणि भाविकांनीं आपल्याही ओव्या मिसळल्या. जवळजवळ तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें (इ. स. १५८४), एकनाथांनीं प्रती ताडून पाठ शुद्ध केला व यापुढें कोणीं आपली ओवी घालूं नये अशी ताकीद दिली.

मला नाथांचें थोरपण यापुढच्या गोष्टींत दिसतें. एवढ्या श्रमानें शुद्ध केलेला ग्रंथ निवडक शिष्यांपुरता ठेवण्याचा मोह कोणासही झाला असता. त्यांनीं तो पुन्हां त्याच गर्दीच्या स्वाधीन केला. उघड्या जागीं राखणदार लागतो, हें त्यांनीं ओळखलें. कुलूप मात्र घातलें नाहीं. मला विचाराल तर मी हीच वाट निवडीन. अर्थात् माझ्या पोथीवर धाड आलेली नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

सकळ लिपीचें कोडें अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीं बाहेरच्या अभ्यासकांस उलगडलें, वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांचें नांव त्यांत घ्यावें लागतें. पुढें ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापले, व १९७८ त वि. भि. कोलते यांची आवृत्ति निघाली. नागदेवाचार्यांनीं ज्या म्हाताऱ्यांची काळजी वाहिली होती, त्यांच्यापैकीं पंथाबाहेरच्यांच्या नातवंडांस तो ग्रंथ छापील देवनागरींत वाचावयास साडेसहाशें वर्षें लागलीं.