सिट्रस सायला आणि पुण्यातील १९६७ चा प्रयोग : फळबाग-संरक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

संत्रा, मोसंबी व लिंबू यांच्या कोवळ्या नवतीतील रस शोषणाऱ्या सायला या किडीचे शास्त्रीय वर्णन कुवायामा यांनी १९०८ मध्ये तैवानमधील नमुन्यांवरून केले. पंजाबातील तिच्या उपद्रवाविषयी हुसेन व नाथ यांचा प्रबंध १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडे वाळण्याचा दोष त्यांनी थेट किडीवर ठेवला. त्यांनी नोंदविलेली लक्षणे वस्तुतः ग्रीनिंग रोगाची असावीत, असे पुढील अभ्यासकांनी ओळखले.

मधल्या चार दशकांत बागांच्या ऱ्हासाची कारणे जमिनीचा निचरा, अन्नद्रव्यांची कमतरता, अयोग्य खुंट आणि नंतर ट्रिस्टेझा विषाणू यांत शोधली गेली. ही कारणे निराधार नव्हती. पण त्यांमुळे ऱ्हासाचे खापर बागायतदाराच्या हयगयीवर फोडणे सोपे झाले. भारतातील या ऱ्हासामागे ग्रीनिंग हे संभाव्य कारण असल्याचे लिलियन फ्रेझर यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९६६ मध्ये मांडले. या सहकाऱ्यांत एस. पी. कपूरही होते. दक्षिण आफ्रिकेत सायलाच्या दुसऱ्या एका जातीद्वारे हा रोग पसरतो, हे १९६५ मध्ये दिसून आले होते. भारतीय जातीविषयीचा पुरावा १९६७ मध्ये कपूर, डी. जी. राव व एस. एम. विश्वनाथ यांनी दिला. हे काम भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुणे केंद्रातील. रोगट झाडावर पोसलेली कीड निरोगी रोपांपर्यंत रोग नेते, हे त्यातून सिद्ध झाले.

या निष्कर्षाने किडीच्या हानीचे मापच बदलले. रस शोषणारी कीड किती, हा प्रश्न दुय्यम ठरला. रोगवाहक असेल तर थोडी कीडही घातक. त्यामुळे नवती फुटतानाच कीड आवरणे, रोगट झाडे उपटणे आणि निरोगी मातृवृक्षाचीच डोळकाडी वापरणे, या तिन्हींची सांगड आवश्यक झाली. रोगट डोळा भरलेले कलम विकणारी रोपवाटिका फवारणीचे सारे श्रम वाया घालवते, ही बाब कीटकनाशकांच्या चर्चेत आजही मागे पडते. कपूर व तिरुमलाचार यांनी १९७३ मध्ये प्रतिजैविकांचे उपचारही प्रसिद्ध केले. परंतु टेट्रासायक्लिनचा परिणाम टिकाऊ ठरला नाही. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये व रोग २००५ मध्ये आढळला, तेव्हा पुण्याच्या प्रयोगाला जवळजवळ चार दशके झाली होती.

बोरघाटाखालील कर्जत-खालापूर हा प्रामुख्याने भाताचा मुलूख. तरी परसातले लिंबू आणि कढीपत्ता ही दोन्ही झाडे सायलाची यजमान होत. केवळ बागेतच फवारणी झाली, तर अशा झाडांवरील कीड तशीच राहते.