निरोष्ठ रामायण आणि संगणकाची खिडकी

बारामतीचे नाव निघाले की मराठी वाचकाला कऱ्हाकाठचे मोरोपंत आठवतात. पंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण हयात गेली ती बारामतीस, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने. १७९४ मध्ये ते वारले. रामाची एकच कथा त्यांनी नाना बंधने घालून पुनःपुन्हा रचली. त्यांतले ‘निरोष्ठ रामायण’ तर ओठांना ओठ न लावता म्हणावयाचे! म्हणजे ‘म’ वर्ज्य. खुद्द ‘राम’ हे नावही घेण्याची सोय नाही. कथा तीच, पण प्रत्येक शब्द नव्या नियमावर पारखून घ्यावयाचा.

गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या आज्ञावली लिहिणारांवर असाच प्रसंग आला. १९८१ साली आलेल्या ‘डॉस’मध्ये एका वेळी एकाच आज्ञावलीचे राज्य असे. अक्षर उमटवावयाचे तर ती पडद्याच्या स्मृतीत सरळ हात घाली. १९८५ मध्ये ‘विंडोज’ अवतरली, १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीने घरोघर पोचू लागली, आणि तो एकछत्री अंमल संपला. पडदा सामाईक झाला; काही रेखाटावयाचे तर विंडोजला विनंती करावी, आणि तिचा निरोप येताच काम उरकून बाजूला व्हावे, अशी नवी शिस्त आली. जुन्या ‘लायब्ररी’, म्हणजे नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे तयार संग्रह, या शिस्तीला सरावलेल्या नव्हत्या.

मराठीची अडचण तर दुहेरी. डॉसच्या काळी पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड यंत्रात बसवले की पडद्यावर देवनागरी दिसे. विंडोजमध्ये ते काम फाँटांकडे गेले, आणि प्रत्येक फाँटाची सांकेतिक भाषा निराळी! एकाचे ‘इंदापूर’ दुसऱ्यात निव्वळ चिन्हांची खिचडी होई. १९९१ च्या ‘युनिकोड’ने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला, तरी आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये.

पण दिसणारी चूक परवडली. बारामती-इंदापूर हा उसाचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही साखर कारखान्यांची गावे. समजा, एखाद्या जुन्या नोंदवहीत सभासदाचा क्रमांक दोन बाइटांत आणि उसाचे वजन पुढच्या दोन बाइटांत ठेवले आहे. जुन्या भाषांतरकाच्या लेखी पूर्णांक दोन बाइटांचा. नव्याच्या लेखी चारांचा. नवी आज्ञावली क्रमांक आणि वजन एकाच घासात गिळते, आणि पुढचे सारे आकडे सरकतात. यंत्र थांबत नाही, कुरकुरत नाही. ते सुबक अक्षरांत चुकीचे बिल छापून देते!

म्हणून जाणता मनुष्य आधी मूळ नोंदींची प्रत बाजूला ठेवतो. मग ज्या खेपेची कागदी पावती हाती आहे तेवढी एकच नोंद वाचून ताडून पाहतो. प्रत्येक रकान्याचे बाइट स्पष्ट लिहितो. हिशेबाचा भाग आणि पडद्याचा भाग वेगळे करतो. पहिला बहुधा तसाच राहतो, दुसरा नव्याने लिहावा लागतो. मूळ आज्ञाच हरवल्या असतील, तर जुन्या आज्ञावलीला डॉसचा आभास देणाऱ्या साधनात चालवून तिच्याकडूनच सारी माहिती साध्या मजकुरात उतरवून घेतो. कारण चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांची आज्ञावली आपण होऊन चालतच नाही.

पंतांनी ‘म’ सोडला, पण राम सोडला नाही. इथला राम म्हणजे काट्यावर तोललेले शेतकऱ्याचे वजन. खिडक्या कितीही बदलोत. ते किलोभरही हलता कामा नये.