पिशवीतले पाच जण

डोंगर ही लांबून बघायची वस्तू आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचं दुसरं मत असणंही अवघडच. आमच्याकडे तळी आहेत, धान आहे, वैनगंगा आहे. डोंगर आहेत, ते जेवण झाल्यावर हात पुसत चढून यावेत एवढे. त्यामुळे पुण्याहून आलेल्या भाच्याने पाठीवरच्या सॅकमधून मूठभर नारिंगी कापड काढलं आणि "मामा, हा चार माणसांचा निवारा" असं जाहीर केलं, तेव्हा मी त्याच्याकडे काळजीने पाहिलं. पोरगा एकटा राहतो, जेवणाचे हाल होत असतील!

"वजन अर्धा किलो," तो म्हणाला. माझ्या छत्रीचं वजन जवळपास तेवढंच आहे आणि तिच्यात मी एकटाही मावत नाही.

हा निवारा म्हणजे तळाशी उघडी असलेली, रजईच्या खोळीसारखी एक मोठी पिशवी. खांब नाही, खुंट्या नाहीत. सगळ्यांनी मिळून ती डोक्यावरून ओढायची, कडा बुडाखाली घ्यायच्या, पाठीने कापड ताणायचं आणि गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. खांबांचं काम आपली डोकी करतात. माझ्या डोक्याचा असा थेट उपयोग यापूर्वी कोणी सुचवला नव्हता.

या पिशवीचा पूर्वज जर्मन बोलणाऱ्या गिर्यारोहकांत अजून 'झ्डार्स्की पिशवी' म्हणून ओळखला जातो. माथियास झ्डार्स्की हा १८५६ साली मोराव्हियात जन्मलेला आणि पुढे ऑस्ट्रियात लिलियनफेल्डला राहिलेला गृहस्थ. बर्फावरून घसरण्याची त्याने विद्या केली, पुस्तक लिहिलं, १९०५ साली खांबांमधून वळणं घेत उतरण्याची शर्यतही भरवली. १९१६ साली हिमाचा लोट अंगावर आला आणि ऐंशीच्या आसपास ठिकाणी हाडं मोडली किंवा निखळली. तरीही गडी १९४० पर्यंत जगला. असल्या माणसाने सांगितलेल्या पिशवीत बसायला हरकत नसावी.

इंग्रजीत तिला 'बॉथी बॅग' म्हणतात. बॉथी म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरातली, कोणीही येऊन टेकावं अशी उघडी झोपडी. या झोपड्यांच्या इतिहासात एक फार वाईट पान आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबराच्या एका शाळेतली मुलं केर्नगॉर्मच्या पठारावर हिमवादळात सापडली. करन नावाची एक झोपडी गाठायचा त्यांचा बेत होता. ती काही सापडली नाही. दोन रात्री उघड्यावर गेल्या. पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची अठरा वर्षांची मदतनीस मुलगी, असे सहा जीव गेले. मग वाद झाला, की या झोपड्या माणसाला वाचवतात, की तिथवर पोचू या आशेने पुढे ओढतात? शेवटी उंचावरच्या काही झोपड्या १९७५ मध्ये काढूनच टाकल्या. स्कॉटलंड लांब आहे म्हणावं, तर २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हवा फिरली आणि बावीस जणांच्या तुकडीतले नऊ जण गेले.

भाचा म्हणतो, पिशवीची गोम अशी की ती सापडावी लागत नाही. माणूस जिथे आहे तिथेच ती उघडते. ओलं अंग आणि वारा यांची जोडी माणसाला मारते. नुसतं बसलेलं शरीरही शंभर वॅटच्या दिव्याइतकी ऊब सोडत असतं, ती वारा पळवतो. पिशवी फक्त वाऱ्याला दार लावते.

आमच्या झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत बायामाणसं पाठीवर बांबूच्या कामट्यांचा, पळसाच्या पानांचा मोरा घेत. कोकणात त्याला भाऊ म्हणून इरलं आहे. पण मोरा हा वाकून काम चालू ठेवण्यासाठी आहे आणि ही पिशवी काम थांबवण्यासाठी. दुसरा प्रकार मला स्वभावाने जवळचा.

तरीही श्रावणात आम्ही तुमसरजवळच्या अंबागडावर गेलो. मी, भाचा, त्याचे वडील म्हणजे सत्तरीतले आमचे भाऊजी, आणि शेजारचे निवृत्त मास्तर. मास्तर बरोबर असले की इतिहास आपोआप येतो. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण, त्याने बांधलेला हा किल्ला, पुढे नागपूरकर भोसल्यांनी इथे ठेवलेले कैदी, सगळं चढता चढता झालं. कैद्यांवर मास्तर येऊन ठेपले आणि आभाळ फुटलं.

विजा कडकडल्या. आम्ही धावत एका मोठ्या झाडाखाली.

"निंगा तिथून! झाडाखाली कायले मरता जी?" खालून एक म्हातारा गुराखी ओरडत होता. खांद्यावर घोंगडी, डोक्यावर मेणकापड. त्याने आम्हाला गुरांसारखंच हाकलत खालच्या सखल जागी आणलं. विजेपुढे पिशवीचं काही चालत नाही, हे भाच्यानेही कबूल केलं. विजा सरकल्या, पण वारा आणि पाऊस काही हटेनात.

तेव्हा भाऊजींकडे लक्ष गेलं. ते कुडकुडत होते. भाच्याने काही विचारलं तर उत्तर भलतंच, आणि शब्द जिभेत अडकलेले. आयुष्यभर दुसऱ्याचं व्याकरण सुधारत आलेला हा माणूस! भाच्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने न बोलता पिशवी उघडली.

आत शिरलो. बाहेर गुराखी उभाच.

"या की आत."

"तुमी बसा ना जी. माहे कपडे चिखलाचे हायेत."

"आमचे काय परीटघडीचे आहेत?" मास्तर खेकसले आणि त्यांनी त्याला हाताला धरून आत ओढलं. चौघांच्या पिशवीत पाच जण. म्हाताऱ्याने विडी काढली, ती भाच्याने हात जोडून खिशात परत घालायला लावली. आत हवा पुरावी म्हणून मधूनमधून कड उचलावी लागते, त्यात धूर कुठे घेणार? म्हाताऱ्याने मग घोंगडी काढून भाऊजींच्या अंगावर घातली. वरून नारिंगी उजेड, आत ओल्या घोंगडीचा, गुरांचा आणि मास्तरांच्या सुपारीचा वास. पाचसात मिनिटांत ऊब जाणवू लागली. कोणी बोलत नव्हतं. मास्तरसुद्धा. भाचा वडिलांचे हात चोळत होता, आणि मी, काही सुचेना म्हणून, त्याची पाठ.

अर्ध्याएक तासाने भाऊजी हलले.

"हा पाय कोणाचा आहे?" अगदी स्पष्ट, षष्ठी विभक्तीसकट.

"माहाच हाय जी," म्हातारा घाईघाईने पाय ओढू लागला.

"असू द्या," भाऊजी म्हणाले. "गरम आहे."