कागद खरा, माल खोटा

परदेशी व्यापारात एक जुनी पंचाईत आहे. विकणारा म्हणतो, आधी पैसे. घेणारा म्हणतो, आधी माल. दोघांच्या मध्ये समुद्र असतो आणि बहुधा ओळखही नसते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पेढीवाल्यांनी यावर ‘जोखमी हुंडी’ काढली होती. माल जहाजावर चढला की त्यावर हुंडी लिहायची. पण जहाज सुखरूप बंदराला लागले, तरच ती वटायची. जहाज बुडाले की हुंडीही बुडाली! पैशाची गाठ मालाच्या नशिबाशी बांधलेली असे.

पतपत्राने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलण्यातल्या ‘एल.सी.’ने, ही गाठच सोडवली. खरेदीदाराची बँक विक्रेत्याला लिहून देते की बीजक, जहाजी पावती आणि ठरलेले इतर कागद बिनचूक आणा, पैसे आम्ही देऊ. पेटी उघडून पाहणे हे बँकेचे काम नव्हे. कानपूरच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याला या शब्दाच्या आधारावर स्थानिक बँकेकडून रक्कम आगाऊही मिळू शकते. खरेदीदार नंतर कुरकुरला, तरी बँकेचा शब्द फिरत नाही.

पण कागद खरे आणि माल खोटा निघाला तर? अशा वेळी न्यायालयाने मनाई हुकूम काढून बँकेचा हात धरावा का?

१९२५ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे वृत्तपत्राच्या कागदाचे एक प्रकरण आले. कागद पुरेसा मजबूत असल्याचा पुरावा नाही, म्हणून नॅशनल पार्क बँकेने पैसे अडवले होते. न्यायालयाने बहुमताने सांगितले, कागद मजबूत की फुसका ही खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातली बाब आहे. दस्तऐवज बरोबर असतील तर बँकेने पैसे मोजावेत. न्यायमूर्ती कार्डोझो यांना हे पटले नाही. माल ठरल्याप्रमाणे नाही हे पैसे देण्याआधीच बँकेला कळले असेल, तर तिने डोळे मिटून पैसे का द्यावेत, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख होता. हे भिन्नमत वाचताना मन त्यांच्याकडे झुकते, हे खरे. पण मालाच्या प्रत्येक तक्रारीवर बँक थांबू लागली, तर एल.सी.चा उपयोग काय उरला?

सोळा वर्षांनी याच न्यूयॉर्कमध्ये जो खटला गाजला, त्याचे दुसरे टोक आपल्याकडे होते. जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याने लखनौच्या ‘ट्रान्सी ट्रेडर्स’ या कंपनीकडून डुकराचे राठ केस घेण्याचा करार केला. ब्रशासाठी या केसांना मोठी मागणी असे. न्यूयॉर्कच्या श्रोडर बँकेने पतपत्र दिले. पन्नास पेट्या जहाजावर चढल्या. जहाजी पावती तयार झाली, बीजक तयार झाले, दोन्हींवर डुकराचे केस असेच लिहिलेले. चार्टर्ड बँकेच्या कानपूर शाखेमार्फत हुंडी वसुलीसाठी निघाली. खरेदीदाराने मात्र न्यायालयात धाव घेतली. पेट्यांत गाईचे केस आणि केरकचरा भरला आहे, सबब बँकेला पैसे देण्यास मनाई करा, अशी त्याची मागणी होती.

दावा प्राथमिक टप्प्यावरच फेटाळावा, असा अर्ज चार्टर्ड बँकेने केला. १ जुलै १९४१ रोजी न्यायमूर्ती बर्नार्ड शिएंटॅग यांनी तो नामंजूर केला. त्यांनी जुना नियम मोडला नाही. मालाचा दर्जा कमी-जास्त असल्याची तक्रार असती, तर हुकूम देता आला नसता, हे त्यांनी मान्य केले. पण इथे आरोप हलक्या मालाचा नव्हता, मुळात मालच न पाठवल्याचा होता. विक्रेत्याची अशी लबाडी पैसे देण्याआधीच बँकेच्या कानावर आली असेल, तर पतपत्राच्या स्वतंत्रपणाची ढाल त्याला देता येत नाही. कानपूरच्या बँकेने त्या कागदांवर प्रामाणिकपणे स्वतःचे पैसे दिले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण दाव्यानुसार ती विक्रेत्यासाठी नुसती वसुली करत होती.

यातली गंमत अशी, की पेट्यांत खरोखर काय होते हे त्या निकालाने ठरवलेच नाही. अशा अर्जावर दाव्यातली विधाने खरी धरूनच चालावे लागते. जगभरच्या न्यायालयांनी आधाराला घेतलेला हा निवाडा असा गृहीतावर उभा आहे!

त्यानंतर ही फट रुंद करण्याचे प्रयत्न होत राहिले. आपल्याकडे फराक्का धरणाच्या कालव्याचे काम घेतलेल्या मद्रासच्या तारापोर कंपनीने १९६५ मध्ये सोव्हिएत ‘ट्रॅक्टर्स एक्स्पोर्ट’कडून यंत्रे घेण्याचा करार केला. पतपत्र बँक ऑफ इंडियाचे, रक्कम सुमारे ६६ लाख रुपये. यंत्रे सांगितल्याइतके काम देत नाहीत, अशी तक्रार झाली. त्यातच जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि किमतीचा वाद वाढला. कंपनीने बँकेविरुद्ध मनाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. या यंत्रणेत हात घातला तर देशाच्या परदेशी व्यापारावर गंभीर परिणाम होतील, असे न्यायालयाने बजावले. परकीय चलनाची ओढाताण असलेल्या त्या काळात भारतीय बँकेच्या सहीला बाहेर किंमत राहणे किती गरजेचे होते, हे वेगळे सांगायला नको.

लबाडीखेरीज आणखी एक अपवाद इराणच्या क्रांतीतून पुढे आला. आयटेक या अमेरिकी कंपनीने शहाच्या राजवटीशी केलेला करार क्रांतीनंतर बारगळला, पण तिने हमीदाखल दिलेल्या पतपत्रांवर इराणी बँकेने पैसे मागितले. एकदा पैसे गेले की तेहरानच्या न्यायालयात दाद मिळण्याची आशा नव्हती. अमेरिकी अपील न्यायालयाने १९८४ मध्ये मनाई कायम ठेवली. उत्तर प्रदेश साखर महामंडळ विरुद्ध सुमॅक या बँक हमीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच प्रकरणाचे माप लावले. कंपनी आजारी आहे, पुढे वसुली कठीण जाईल, एवढ्याने भागत नाही. आयटेकसारखी, पैसे परत मिळणे अशक्यच व्हावे अशी परिस्थिती हवी, असे ते म्हणाले.

१ जुलै २००७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या नियमावलीतही बँकांचा संबंध दस्तऐवजांशी आहे, मालाशी नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. कागद खोटे निघाले तरी त्याची जबाबदारी बँकेवर येत नाही. लबाडी दिसली तर न्यायाधीशाने बँकेला कधी अडवावे, याबद्दल मात्र ही नियमावली काहीच बोलत नाही. तो निर्णय त्या त्या देशाच्या न्यायालयांवर सोडलेला आहे.