रमण्यापासून येरवड्यापर्यंत

श्रावणमास लागला म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या वैदिक-शास्त्र्यांची जी दाटी पेशवाईत होत असे, तिची वर्णने वाचताना आजचा वाचक त्या सोहळ्यातील दानधर्माकडेच अधिक लक्ष देतो. परंतु पुण्यातील भाषाशिक्षणाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला त्या रमण्याच्या दरवाजापासूनच आरंभ करावा लागतो. रमण्यात वाटली जाणारी ही दक्षिणा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या रणात त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि तो शिरस्ता पेशव्यांनी पुण्यास चालविला. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांच्या योग्यतेप्रमाणे त्यांचा सत्कार करावा, हा तिचा हेतू होता. पुढे पात्रापात्रतेचा विवेक सुटला, आणि विद्येपेक्षा गर्दीलाच दक्षिणा मिळू लागली, हेही खरे.

१८१७ मध्ये शनिवारवाड्यावरील निशाण उतरले, तेव्हा हा खर्च एकदम बंद केल्यास ब्राह्मणवर्ग बिथरेल, हे धूर्त एल्फिन्स्टनने ओळखले. त्याने दक्षिणेची मर्यादा सालिना ५०,००० रुपयांवर आणली, आणि त्याच्यामागून कमिशनरीवर आलेल्या चॅप्लिनने तिच्यातूनच काही रक्कम वेगळी काढून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. ज्या वाड्यात तीन-चार वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजीरावाचा विलास चालत होता, त्याच वाड्याच्या दिवाणखान्यांतून आता न्याय, व्याकरण, वेदान्त, अलंकार आणि ज्योतिष यांच्या संथा ऐकू येऊ लागल्या. नव्या सरकारने जुन्या खजिन्यातील पैशाने जुनीच विद्या शिकवावी, आणि तीही ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच, असा तो चमत्कारिक बंदोबस्त होता.

त्या काळच्या पुण्यात विद्यार्थ्याची दिनचर्या कशी असे, याची कल्पना करणे कठीण नाही, कारण तिचे अवशेष आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत टिकून होते. पहाटे उठून रूपावली आणि समासचक्र यांची उजळणी, मग अमरकोशाचे पाठांतर, पुढे कौमुदीची संथा. आणि पोटाची सोय म्हणजे सोमवारी एका घरी तर मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरी लावलेले सात वार. ज्याचा एखादा वार रिकामा राही, तो झोळी घेऊन माधुकरीला निघे. या व्यवस्थेत अपमान नव्हता असे नाही, पण त्या सात घरांच्या ओसऱ्यांवर त्या मुलाच्या कानी जी मराठी पडे, ती कोणत्याही पोथीत नव्हती; तो संस्कृत गुरूपाशी शिके आणि मराठी यजमानीणबाईंपाशी.

मराठीला दक्षिणेचा स्पर्श झाला तो मात्र भांडणातून. सरकारने नव्या दक्षिणा देण्याचे बंद केल्यावर जो पैसा शिल्लक पडू लागला, तो मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिक म्हणून द्यावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारणावादी मंडळींनी केला. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, त्यांत अग्रभागी होते. या अर्जाने सनातनी पुणे इतके खवळले की अर्जदारांना मारहाणीचे भय वाटू लागले, आणि जोतिराव फुल्यांनी आपली माणसे जमवून त्यांचे रक्षण केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. परंतु त्याच जोतिरावांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्याच कमिटीने नाकारले. दक्षिणेची भाषा बदलली होती, तिची नजर अद्याप बदललेली नव्हती.

दरम्यान पाठशाळेवर मेजर कँडी यांची देखरेख आली. मोल्सवर्थसह १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश सिद्ध करणारा आणि मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ करणारा हा गृहस्थ काटेकोर होता. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये त्याचे नाव डेक्कन कॉलेज पडले, आणि १८६८ मध्ये जीजीभाई घराण्याच्या औदार्याने उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या दगडी इमारतीत ते गेले. संस्कृत आता नव्या रीतीने शिकविले जाऊ लागले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, आणि स्वतः दक्षिणेच्याच पैशातून विद्यावृत्ती मिळणारे ‘दक्षिणा फेलो’ राहिलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या १८६४ च्या ‘मार्गोपदेशिके’ने सूत्रे न घोकता वाक्ये रचून भाषा शिकण्याची वाट दाखविली. तथापि शास्त्री काही निवृत्त झाला नाही. डेक्कन कॉलेजातील जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न यांनी नागोजीभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे जे संपादन केले, त्यामागे अनंतशास्त्री पेंढारकरांसारख्या पंडिताचे अध्यापन होते. परीक्षेचा कागद मुंबईहून येई, पण पंक्ती लावावयास माणूस पुण्याचाच लागे.

आणि मराठी? विद्यापीठाच्या आरंभीच्या काही वर्षांनंतर अभिजात भाषांचा कैवार घेणारांनी तिला पदवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकले. परिणामी ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे वडील कृष्णशास्त्री विश्रामबागेत संस्कृत शिकून मराठीचे ग्रंथकार झाले, ते विष्णुशास्त्री बी.ए. झाले ते मराठीचा एकही कागद न लिहिता. येरवडा शहरापासून दूर, त्यामुळे विद्यार्थ्यांना तेथेच राहणे भाग पडे. वार लावून जेवण्याचे दिवस तेथे संपले, आणि निरनिराळ्या गावांची मुले एका पंगतीला बसू लागली. पहिले वर्ष तालमीत आणि नदीत पोहण्यात घालवून प्रकृती कमावणारे टिळक, आणि एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारे म्हणून ज्यांची कथा सांगतात ते आगरकर, यांनी देशाच्या भवितव्याविषयी जे रात्री-रात्री वाद घातले, ते मराठीत घातले. वर्गात मिल आणि कालिदास, खोलीत मराठी, असा तो दुहेरी अभ्यासक्रम होता; आणि विष्णुशास्त्र्यांची १८७४ ची ‘निबंधमाला’ आणि १८८१ चा ‘केसरी’ यांच्या भाषेतील धार या दुसऱ्या अभ्यासक्रमात परजली गेली, असे मला वाटते.

पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविलेल्या खटपटीमुळे एम्.ए.च्या परीक्षेत मराठीला पुन्हा जागा मिळाली. रानडेही एके काळचे दक्षिणा फेलोच. दाभाड्यांनी वैदिकांसाठी बांधलेली दक्षिणेची पुरचुंडी अशी हस्तेपरहस्ते त्या माणसापर्यंत आली, ज्याने ती भाषा विद्यापीठात परत आणली, जी तोवर विद्यार्थ्याला यजमानाच्या ओसरीवर आणि वसतिगृहाच्या पंगतीत फुकटच मिळत होती.