परमुलखातला मुक्काम : साथ, उचल आणि चौसाळ्याची वाट

'परदेश' हा शब्द उच्चारला की आज आपल्या डोळ्यांसमोर विमानतळ आणि पारपत्र उभे राहते. मराठीच्या जुन्या व्यवहारात या शब्दाची मर्यादा इतकी दूर नव्हती. सह्याद्रीच्या पूर्वेचा पठारी मुलूख तो 'देश', आणि उत्तरेकडून येऊन येथे स्थायिक झालेला माणूस तो 'परदेशी'. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, जिथे दुकानदार उधारीवर शेरभर धान्य देत नाही आणि जिथे आजारी पडल्यास घोटभर पाणी देणारे सोयरे नाहीत, तो परमुलूख. या जुन्या अर्थाने पाहिले तर साथीच्या काळात परदेशी अडकून पडणे आणि तुटपुंज्या पैशांत दिवस काढणे हा अनुभव केवळ लंडन-सिंगापूरला गेलेल्यांचा राहत नाही. २०२० साली तो मराठवाड्यातील लाखो माणसांनी पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडांत घेतला. प्रस्तुत लेखात त्या अनुभवामागचा इतिहास तपासावयाचा आहे, आणि त्यासाठी चौसाळा हे गाव केंद्रस्थानी ठेवले आहे.

चौसाळा हे बीड तालुक्यातील मोठ्या बाजाराचे गाव. सोलापूर-धुळे महामार्गावर, बीडहून दक्षिणेकडे धाराशिवच्या दिशेने जाताना ते लागते. भोवती बालाघाटाचे माळ, हलकी जमीन, पर्जन्यछायेचा बेभरवशाचा पाऊस. काही काळ विधानसभेचा एक मतदारसंघ या गावाच्या नावाने ओळखला जात होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. दिवाळीच्या सुमारास या टापूतील वाड्या-वस्त्या रित्या होऊ लागतात. 'पोरगा कुठे आहे?' या प्रश्नाला 'तोडीला गेलाय' एवढे उत्तर पुरते. कोठे गेला, किती दिवसांसाठी गेला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या वाटेला एक राजकीय इतिहास आहे आणि तो आपण सहसा विसरतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. लोकभाषेत ही 'मोगलाई'. पश्चिमेला नगर, दक्षिणेला बार्शी-सोलापूर हा इंग्रजी अमलाखालचा मुलूख. म्हणजे चौसाळ्याचा माणूस बार्शीच्या बाजाराला निघाला तर तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. कायदा बदले, कचेरीची भाषा बदले, एवढेच नव्हे तर नाणेही बदले. हैदराबाद संस्थानाचा हाली रुपया इंग्रजांच्या कलदार रुपयापेक्षा कमी किमतीचा होता. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. परमुलखात पाऊल ठेवताच गाठीचा पैसा हलका होणे हा अनुभव परकीय चलन घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला जसा येतो, तसाच तो मोगलाईतल्या शेतकऱ्याला येत असे.

याच काळात साथ आणि सरहद्द यांचे नाते कायद्यात लिहिले गेले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर सोडून लोक लाखोंनी पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेने व रस्त्यांनी पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा, पण त्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, त्यांना अडकवून ठेवण्याचे, घरांत शिरण्याचे अधिकार दिले. पुण्यात त्या अधिकारांचा जो वापर झाला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात झाली, हे सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. एकाच वर्षातील या दोन घटना साथीच्या दोन बाजू दाखवितात. एका बाजूला रुग्णाकडे संशयित म्हणून पाहणारी सत्ता, तर दुसऱ्या बाजूला त्याला खांद्यावर घेणारे माणूस.

या कायद्याचा अंमल ब्रिटिश हिंदुस्थानात होता. निजामाच्या राज्यात नव्हता. पुढे स्वातंत्र्यानंतरही त्याच्या मजकुरात एक अपवाद उरला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जी 'ब' वर्गातील राज्ये होती, त्यांचे प्रदेश त्यातून वगळलेले होते, आणि हैदराबाद हे 'ब' वर्गातील राज्य होते. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने हे शब्द काढून टाकले. व्यवहारात महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्येच आपले साथविषयक नियम सबंध राज्याला लागू केले होते, तेव्हा या तपशिलाला प्रशासकीय महत्त्व फारसे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो थबकायला लावतो. नकाशावरून पुसली गेलेली मोगलाईची रेघ कायद्याच्या कागदावर चौसष्ट वर्षे तशीच राहिली होती.

प्लेगच्या दिवसांत गावे ओस पडत आणि माणसे रानात झोपड्या घालून राहत. उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे, हे शहाणपण अनुभवातून आलेले होते. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला मराठीत 'मानमोडी' म्हणत, अशी रानात जाऊन टळणारी नव्हती. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला; उपासमार आणि ताप एकत्र आले. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले, असे अभ्यासक मानतात. दुष्काळात घर सोडून बाहेर पडण्याला आपल्याकडे 'जगायला जाणे' असा शब्दप्रयोग आहे. साथीने नेमके हेच अवघड करून ठेवले. ज्या गावात जगायला जायचे, त्याच गावात मरण वाट पाहत असे.

ऊसतोडीचे स्थलांतर हे या जगायला जाण्याचे आधुनिक, संघटित रूप होय. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरा आणि नीरेच्या कालव्यांनी नगर-पुण्याकडची जमीन भिजविली, १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिले आणि खासगी कारखाने उभे राहिले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. सहकाराने ऊस पिकविणाऱ्याला मालक केले, परंतु ऊस तोडणारा त्या सहकाराचा सभासद झाला नाही. तो बाहेरून आणावयाचा, हंगामापुरता. १९७२ च्या दुष्काळानंतर बीडचा ओघ वाढत गेला आणि जिल्ह्याची ओळखच 'ऊसतोड कामगारांचा जिल्हा' अशी झाली.

या मजुराचा जमाखर्च समजून घेतल्याखेरीज २०२० चा अर्थ कळत नाही. हिशेबाचे एकक आहे 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. ती बहुधा जुनी देणी, लग्न, दवाखाना यांत घरीच संपते. मजूर फडावर पोहोचतो तेव्हा त्याचे उत्पन्न आधीच खर्च झालेले असते आणि पुढचे महिने तो केवळ फेड करीत असतो. रोजच्या तेल-मिठासाठी आठवड्याची खर्ची मिळते, तीही हिशेबात वजा होणारी. घरून आणलेली ज्वारी-बाजरी हा खरा आधार. गाडीवाल्यांना उसाचे वाढे विकून चार पैसे हाती येतात. तेच बैलांची वैरणही असते. एखादा दिवस काम चुकले तर 'खाडा' पडतो आणि तो दंड म्हणून वसूल होतो. स्त्रीच्या शरीरावर या हिशेबाने काय केले, ते २०१९ मध्ये पुढे आले. बीड जिल्ह्यात सर्वेक्षण केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेली होती. जिथे मासिक पाळीची रजा म्हणजे दंड, तिथे अवयवही परवडत नाही.

अशा या जमाखर्चावर मार्च २०२० कोसळला. ९ मार्चला पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. ते दुबईहून परतलेले होते. १३ मार्चला राज्याने १८९७ चाच कायदा अमलात आणला. २३ मार्चला संचारबंदी लागू झाली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च. त्या दिवशी गुढीपाडवा होता. हंगाम उलगडून पाडव्याच्या आगेमागे घरी परतणे हा या माणसांचा परिपाठ. यंदा एकीकडे साखर ही जीवनावश्यक वस्तू ठरल्याने काही कारखान्यांची धुराडी चालूच राहिली आणि घरात बसण्याचा आदेश देशभर दिला जात असताना तोड चालू होती. दुसरीकडे जिथे कारखान्याचा पट्टा पडला तिथे काम संपले, वाढे संपले, खर्ची थांबली, आणि परतीची वाट बंद. पाचटाच्या कोपीत सुरक्षित अंतर कसले पाळायचे, आणि वारंवार हात धुवायला पाणी कोठून आणायचे? घरी म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले, जवळ बैल आणि तान्ही मुले, आणि आठवड्याचा बाजार बंद.

१७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने त्यांना घरी परतण्याची परवानगी दिली. तेव्हा ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार कामगार असल्याचे सांगण्यात आले. आरोग्य तपासणी आणि प्रवासाच्या व्यवस्थेची जबाबदारी कारखान्यांवर टाकली गेली. टाळेबंदीच्या चोविसाव्या दिवशी हा निर्णय झाला. परतलेल्यांपैकी अनेकांना गावाबाहेर, शाळेत किंवा शेतात राहावे लागले. प्लेगच्या काळात सारे गाव रानात जाई. आता गाव घरात होते आणि श्रम करून आलेला तेवढा रानात. आपल्याच शिवारात परमुलूख सुरू झाला.

याच आठवड्यांत महाराष्ट्रातली दुसरी मुलेही अडकली होती. १७ मार्चला भारताने फिलिपाइन्स, मलेशिया आणि अफगाणिस्तानातून येणारे प्रवासी थांबविले, २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी परक्या विमानतळांवर, वसतिगृहांत राहिले. 'वंदे भारत'ची विमाने ७ मेपासून सुरू झाली, भाडे ज्याचे त्याने भरायचे होते. यांतील कित्येकांमागे शैक्षणिक कर्ज होते, गहाण पडलेली शेती होती. त्यांची काळजी खोटी ठरविण्याचे कारण नाही. उलट दोघांत एक नाते दिसते. परमुलखातले वास्तव्य दोघांनीही भविष्यातील कमाई गहाण टाकून विकत घेतले होते, आणि वास्तव्य लांबले तसे कर्ज वाढत गेले. फरक असा, की विद्यार्थ्यापाशी पारपत्र होते. त्यामुळे कोणते तरी राज्य त्याला आपला म्हणावयास बांधलेले होते. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी होता. बीडहून कोल्हापूरला जाणारा कामगार त्या कायद्याच्या लेखी स्थलांतरित नव्हताच. तो घरातच होता, फक्त घरी जाऊ शकत नव्हता.

८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर निजलेले मध्य प्रदेशाचे सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून चालत निघाले होते. ज्या मराठवाड्यातून माणसे जगायला बाहेर जातात, तोच मराठवाडा त्यांचा परमुलूख होता. परकेपण हे प्रदेशाला कायमचे चिकटलेले नसते. ते माणसाच्या मजुरीबरोबर फिरत असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे येथे साधनांचा प्रश्न उभा राहतो. प्लेगविषयी आपल्यापाशी वृत्तपत्रांचे अंक आहेत, सरकारी अहवाल आहेत, शिकलेल्या माणसांची आत्मचरित्रे आहेत. विलायतेत काटकसरीने राहिलेल्यांची पत्रे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. चौसाळ्याच्या टापूतून तोडीला गेलेल्या बाईने २०२० च्या एप्रिलमध्ये कोपीत काय शिजविले, किती दिवस पीठ पुरविले, याची नोंद कोठे असेल? मुकादमाच्या वहीत उचल, खाडे आणि बाकी सापडेल. कारखान्याच्या रजिस्टरात टन सापडतील. वहीत माणूस 'कोयता' असतो. त्याला नाव असते ते कर्जदार म्हणून. मोबाइलवर तेव्हा काढलेली चित्रफीत दुरुस्तीच्या दुकानात पुसली गेली असेल. अशा वेळी तोंडी साक्षी गोळा करणे, त्या बोलीसह लिहून ठेवणे हे मराठीच्या विभागांचेही काम ठरते, केवळ समाजशास्त्रज्ञांचे नव्हे. बीड, धाराशिव, लातूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात हे साक्षीदार आहेत.

त्यानंतर काही बदलले. ऑक्टोबर २०२० मध्ये तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे निधी ठरला, मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहे मंजूर झाली. उचल मात्र राहिली. आणि उचल आहे तोवर मजुराला थांबण्याचा किंवा परतण्याचा निर्णय स्वतःचा नसतो. साथीने हे नवे काही केले नाही, फक्त उघडे पाडले.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. परंतु दिवाळीनंतर चौसाळ्याच्या महामार्गावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पश्चिमेकडे वळतील, त्यांत धान्याची पोती, चुली, कोंबड्या आणि लेकरे असतील, हे निश्चित सांगता येते. त्या ट्रॉलीतील माणसे महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच चाललेली असतात. तरीही त्यांच्या मुक्कामासाठी आपल्या भाषेला 'परमुलूख' हाच शब्द वापरावा लागत असेल, तर १९४८ साली पुसलेली सरहद्द नेमकी कोणासाठी पुसली गेली, हे एकदा विचारून पाहिले पाहिजे.