जयगडचा खजिना : खरा की खोटा?

आमची आजी सांगे, की आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरात मोहरांचे सात रांजण पुरलेले आहेत. त्यांवर एक म्हातारा नाग राखण करतो, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले तर त्याला ते रांजण दिसतात. घरात पायाळू मी एकटाच! त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत भावंडे जमली की माझा भाव एकदम वधारे. ते अंजन मात्र कुणालाच करता येत नसे. पुढे वाडा पाडला. पाया खणताना निघाले काय, तर एक फुटके जाते. सगळे हसले, आजी मात्र मुळीच डगमगली नाही. ती म्हणाली, "धन चालतं रे बाबा. नशिबात नसलं की जमिनीखालून दुसरीकडे सरकतं."

आजीचे हे वाक्य मला फार वर्षांनी, जयपूरजवळच्या जयगडावर आठवले. आमेरच्या राजवाड्याच्या वर, डोंगरमाथ्यावर हा किल्ला आहे. तिथले साठ लाख गॅलन पाणी मावेल एवढे टाके दाखवून वाटाड्या हळूच म्हणाला, "खजाना इसी के नीचे था."

ती कथा अशी. अकबराचा सेनापती राजा मानसिंह काबूलच्या मोहिमेवरून अपार लूट घेऊन आला. बादशहाला त्यातली थोडी दाखवली आणि उरलेली आमेरच्या डोंगरात पुरली. पहारा मीणा जमातीच्या विश्वासू लोकांकडे दिला. गादीवर बसणाऱ्या प्रत्येक राजाला जन्मात एकदाच, डोळे बांधून आत नेत आणि आवडेल ती एकच वस्तू उचलू देत.

हे घराणे आपल्याला परके नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे मिर्झाराजे जयसिंह याच घराण्यातले. खुद्द मानसिंहाला मरण आले तेही आपल्या वऱ्हाडात, एलिचपुरास, १६१४ साली.

आता ही कथा खरी मानावी काय? तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १५८५ नंतर मानसिंह काबूलच्या कारभारावर होता, हे इतिहासच सांगतो. राजेलोक किल्ल्यांच्या तळघरांत धन ठेवीत, हेही खरे. २०११ मध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराची तळघरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडली, तेव्हा सोन्याचे ढीग पाहून साऱ्या देशाने तोंडात बोट घातले होते. तेव्हा पुरलेल्या धनाची प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

जयगडच्या बाबतीत तर साक्षात सरकारनेच ती हसण्यावारी नेली नाही. आणीबाणीचे दिवस होते. जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवी काँग्रेसच्या कट्टर विरोधक. १९७५ मध्ये त्यांना आणि महाराज भवानीसिंहांना तिहारच्या तुरुंगात टाकले गेले होते. १९७६ मध्ये जयगडावर लष्कराची माणसे आली आणि कित्येक महिने किल्ला खणून काढला. बातमी थेट पाकिस्तानात पोचली. पंतप्रधान भुत्तो यांनी ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींना पत्र लिहून खजिन्यात पाकिस्तानचा वाटा मागितला! बाजारात तुरी म्हणतात ती हीच. ३१ डिसेंबरला इंदिराबाईंचे उत्तर गेले : असा हक्क पोचत नाही, आणि खजिनाही नाही.

कथा इथे संपायला हवी होती. पण ती इथूनच वाढीला लागली. दिल्ली-जयपूर रस्ता बंद ठेवून सोन्याने भरलेले ट्रक रातोरात नेले, असे जो तो सांगू लागला. म्हणजे खजिना सापडला असता तर कथा खरी ठरली असती, आणि सापडला नाही तरी ती खरीच! जिला कोणतीही कुदळ खोटी पाडू शकत नाही, ती गोष्ट इतिहासाच्या दप्तरात बसत नाही. तिची जागा आजीच्या मांडीपाशी.

मग निवाडा करावा कसा? माझ्या मते त्यासाठी जमीन खणण्याची गरज नाही. १७५० सालचा डिसेंबर महिना आठवला की पुरे. जयपूर वसवणारा सवाई जयसिंह १७४३ मध्ये वारला. त्याच्या मुलांत गादीसाठी भांडण लागले, मराठे त्यात पडले, आणि मदतीच्या मोबदल्यात खंडणीचे आकडे फुगत गेले. अखेर थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी मल्हारराव होळकर फौज घेऊन जयपुरावर चालून आले. देण्यास पैसा नाही, तोंड दाखवण्यास जागा नाही, अशा अवस्थेत राजा ईश्वरीसिंहाने विष घेऊन प्राण सोडला. पुढच्याच महिन्यात जयपूरकरांचा संताप उसळला आणि शहरात आलेल्या मराठ्यांची भीषण कत्तल झाली. आपल्याकडच्या बखरींचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे पानही वाचायला हवे.

वाचकहो, जरा विचार करा. राजधानीपासून तीनचार कोसांवर डोंगरात काबूलचे सोने पुरलेले असताना एखादा राजा पैशावाचून विष घेईल काय? कुणी म्हणेल, मीणांनी शपथ पाळली असेल. पण राज्य बुडत असता धन्यापासून धन लपवणारी शपथ मला तरी पटत नाही. दुसरे काही म्हणतात, की सवाई जयसिंहाने तो खजिना १७२७ पासून जयपूर वसवण्यात खर्चून टाकला. ही आवृत्ती मला आवडते. रांजणातल्या मोहरांचे रुंद रस्ते आणि वेधशाळा व्हाव्यात, यापरते चांगले काय? पण मग १९७६ मध्ये तिथे खणण्यासारखे उरलेच नव्हते. आणि आज दिसतो तो जयगडही याच जयसिंहाने १७२६ मध्ये उभा केलेला. मानसिंहाला जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती. तेव्हा माझा निवाडा असा : मानसिंहाने काबूलहून लूट आणली असणे शक्य आहे, जयगडाखाली दडलेला खजिना ही मात्र गोष्ट.

खरे धन बहुधा गाजावाजा न करता निघते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला. कोणी कोणाचा पराभव केला, हे त्या नाण्यांनी जितक्या स्पष्टपणे सांगितले तितके एखादी पोथीही सांगती ना. चांदीच्या भावाने त्या धनाची किंमत होणे नाही.

हा नुसता फावल्या वेळचा वाद असता तर मी इतका वेळ घेतला नसता. गुप्तधनाच्या नादाने आपल्याच महाराष्ट्रात माणसांचे बळी पडले आहेत, आणि २०१३ साली राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला आहे. गोष्ट ऐकावी, मुलांना रंगवून सांगावी. पण मांत्रिकाने कुदळ मागितली की देऊ नये, एवढे भान हवे.

असो. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे चौरंगावर हिशेबाची वही ठेवतात. लक्ष्मी चंचल, हे आजीचे म्हणणे इतिहासालाही मान्य आहे. फक्त ती जमिनीखालून सरकत नाही. खंडणीत, लढायांत, नगरे वसवण्यात जाते, आणि तिची वाट पाहायची तर वह्याच चाळाव्या लागतात. पायातून निघालेले ते फुटके जाते मात्र मी टाकले नाही. आमच्या अंगणात तुळशीशेजारी ते अजून आहे, आणि दिवाळीत त्यावर एक पणती लावतो. नातवंडे विचारतात, तेव्हा सात रांजणांची गोष्ट सांगतो. ती ऐकून धाकटी नात परवा म्हणाली, "आजोबा, मग ते रांजण गेले कुठे?"

मी म्हटले, "सरकले."